छातीवरचं वाचन : पुस्तकवेड्यांच्या टी-शर्टांचा पूर्वेतिहास

पुस्तकवेड्यांचे विनोदी टी-शर्ट हा विषय इतिहासाच्या व्याख्यानाला जरा हलका वाटेल. पण वाचन ही तशी एकट्याने, गप्प बसून करायची गोष्ट. मग वाचलेलं अंगावर घालून मिरवावं असं माणसांना का वाटतं, आणि कधीपासून?

टी-शर्टच्या पुष्कळ आधीपासून. १७७४ साली गटेची वेर्थरवरची कादंबरी आली. तिच्या नायकाचा पोशाख म्हणजे निळा कोट आणि पिवळं जाकीट. जर्मन तरुण तसेच कपडे घालून हिंडू लागले. नायक शेवटी आत्महत्या करतो, त्यामुळे त्याचं अनुकरण होईल ही धास्ती होती. १७७५ मध्ये लाइपझिग शहराने पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घातली आणि त्या पोशाखावरही! म्हणजे बघा, अंगावरचा कोट हा त्या पुस्तकाच्या बाजूने दिलेला कौल आहे, हे अधिकाऱ्यांनाही कळत होतं.

यात हसणं मात्र नव्हतं. ते आलं डिकन्सबरोबर. त्याचं 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये दर महिन्याला भागाभागाने निघालं. खप वाढत गेला, तशा बाजारात पिकविक टोप्या, पिकविक काठ्या, पिकविक चिरूट आले. विनोदी पात्राच्या नावाची टोपी घालणारा आपणही त्या थट्टेत सामील आहोत, एवढंच सांगत होता.

आता टी-शर्टकडे येऊ. हे मुळात आतून घालायचं वस्त्र, अमेरिकी नौदलाच्या गणवेशातलं. त्याच्या नावाच्या अगदी जुन्या छापील नोंदींमध्ये एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या १९२० च्या पहिल्या कादंबरीचं नाव घेतात. तिथे शाळेला निघालेल्या नायकाच्या सामानाच्या यादीत हा शब्द येतो. पुढे टेनेसी विल्यम्सच्या नाटकावरून १९५१ मध्ये निघालेल्या चित्रपटात मार्लन ब्रँडो टी-शर्टवर वावरला, आणि आतलं वस्त्र बाहेर घालण्यात काही गैर उरलं नाही. म्हणजे शब्द कादंबरीत सापडतो आणि रुबाब नाटकातून येतो. साहित्याशी नातं असं जुनं आहे.

मग त्यावर विनोद छापायला अडचण कसली? अडचण आकड्यांची. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट करावी लागते. तो खर्च शंभर-दोनशे शर्टांवर वाटला तरच परवडतो. त्यामुळे विनोदही शेकडो लोकांना कळेल असाच निवडावा लागे. संगणकावरून थेट कापडावर छपाई होऊ लागली, तेव्हा एकच शर्ट छापणं शक्य झालं. अगदी मोजक्यांना कळणारा विनोदही मग छापता येऊ लागला.

समजा, छातीवर छापलंय, 'गोदो, कुठवर आलास?' बेकेटचं नाटक माहीत असलेला हसेल, बाकीचे गोदो हा घालणाऱ्याचा मित्र समजतील. आता मराठीत या. समजा, टी-शर्टवर एकच शब्द आहे : 'वगैरे'. ज्याने नेमाड्यांची 'कोसला' वाचलीय, त्याला पांडुरंग सांगवीकर लगेच आठवेल. न वाचलेल्याला तो छापखान्याचा घोटाळा वाटेल.

या विनोदाला दोन वाचक लागतात : एक शर्टमधला आणि एक समोरचा. तंत्राने आपल्याला एकच शर्ट छापायची सोय दिली, पण समोरचा वाचक काही यंत्रातून निघत नाही. तो शाळेत, ग्रंथालयात, घरातल्या कपाटापाशी तयार होतो. मराठीत असे शर्ट किती निघतात याची मोजदाद कुणीही करेल. आपण बघायचं ते हे, की 'वगैरे' घालून रस्त्यावरून जाताना वाटेत किती जण हसतात.