दारूचे औषधी कूळ

पारिभाषिक कोशांनी 'प्रोपेलंट'साठी दिलेला 'प्रणोदक' हा शब्द दिसायला कोरा असला तरी त्याचे घराणे जुने आहे. धातू 'नुद्', म्हणजे रेटणे, ढकलणे. 'प्र' लागताच 'न'चा 'ण' झाला आणि पुढे रेटणारे ते प्रणोदक ठरले. याच धातूला 'वि' लागला की 'विनोद' होतो. मनाचा शीण दूर सारतो तो विनोद, हा अर्थ आधीचा; हसण्याचा नंतरचा दिसतो. उणादिसूत्रांनी तर 'नौ'सुद्धा नुद्‌पासूनच साधली आहे. शेजारी लॅटिन 'नाविस' ठेवला की ही व्युत्पत्ती टिकत नाही, पण वल्ह्यांनी रेटली जाणारी नाव पाहूनच ती सुचली असावी.

कोशाबाहेर मात्र प्रणोदक फारसा फिरला नाही. डासांच्या फवाऱ्यात, दाढीच्या फेसाच्या डब्यात, दमेकऱ्यांच्या पंपात दाबाखाली कोंडलेला असतो तो प्रणोदकच, पण आपण त्याला 'गॅस' म्हणून मोकळे होतो. मराठीला या कामासाठी शब्द नव्हता असे नाही. नळीत ठासलेली, पेटली की गोळ्याला पुढे रेटणारी वस्तू म्हणजे दारू. दारूगोळा, दारूकाम, शोभेची दारू, दारूकोठार अशी तिची लेकरे अजून नांदती आहेत. मुंबईत रे रोडजवळच्या 'दारूखान्या'च्या नावातही अशा कोठाराचीच खूण असावी.

फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ जसाच्या तसा राहिला आहे. अरबी दवा आणि फारसी दारू, दोन्ही औषधेच. मध्य फारसीतले रूप 'दारूग', आणि त्यामागे 'दार' म्हणजे झाड, लाकूड. साली-मुळ्यांची ती दारू असावी. इथे संस्कृत 'दारु' आपसूक भेटतो, देवदारातला आणि दारुहळदीतला. इंग्रजी 'ट्री' हाही याच कुळातला. कठोर या अर्थाचा 'दारुण' लाकडाच्या कठीणपणातून आला असावा असे काहींचे मत आहे. मला ते पटते, पण आग्रह धरवत नाही.

औषध तोफेत कसे शिरले, हे खरे कोडे. चिनी भाषेत तोफेच्या दारूला 'हुओयाओ' म्हणतात. हुओ म्हणजे अग्नी, याओ म्हणजे औषध. तिच्या कृती १०४४ च्या सुमाराच्या एका चिनी युद्धग्रंथात सापडतात, आणि त्याआधी ती किमयागारांच्या रसायनांतून निघाली असे दिसते. या दारूतला मुख्य घटक सोरा; त्याला अरबी वैद्य 'चीनचे बर्फ' म्हणत. त्याचेच दुसरे नाव 'बारूद'. म्हणजे बारूद आधी नुसता सोरा होता, सगळ्या मिश्रणाचे नाव मागाहून झाला. खुद्द अरबीतही जुन्या लेखनात तोफेच्या मिश्रणाला 'दवा' म्हटलेले आढळते.

आता दक्षिणेकडे पाहा. कन्नड 'मद्दु' म्हणजे औषध आणि तोफेची दारूही; 'मद्दुगुंडु' हा आपला दारूगोळाच. तेलुगू 'मंदु' औषध, 'मंदुगुंडु' दारूगोळा, आणि बोलीत मंदु म्हणजे प्यायची दारूसुद्धा! तिन्ही अर्थ एका शब्दात. तमिळमध्ये 'मरुंदु' औषध आणि 'वेडिमरुंदु' स्फोटक दारू. मलाय भाषेत 'उबत बदिल', म्हणजे बंदुकीचे औषध. डचांच्या 'क्राउट'मध्येही औषधी वनस्पती आणि तोफेची दारू एकाच उच्चारात राहतात, लेखनात फक्त शेवटचे अक्षर बदलते. इतक्या दूरदूरच्या भाषांना हे स्वतंत्रपणे सुचले म्हणावे, की कारागिरांबरोबर शब्दही भाषांतरित होत गेला? दख्खनेत तरी दुसरे घडले असावे असे मला वाटते. मद्दुगुंडु आणि दारूगोळा यांची बांधणी इतकी सारखी आहे की योगायोग मानणे जड जाते.

तरी पहिल्या शक्यतेतही तथ्य आहे. सोरा, गंधक, कोळसा मापाने घ्यायचे, कुटायचे, वस्त्रगाळ करायचे. हे काम वैद्याचेच. अलीकडे रूढ झालेले प्रमाण शंभरात ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. शुक्रनीतीत 'अग्निचूर्ण' येते तिथे सोरा पाच पळे, गंधक एक पळ आणि रुई, निवडुंग यांचा कोळसा एक पळ अशी कृती आहे. त्या ग्रंथाच्या काळाबद्दल वाद आहे, पण 'चूर्ण' हा शब्द वैद्यकातलाच. सोऱ्याचे काम प्राणवायू पुरवण्याचे, म्हणून दारूला बाहेरची हवा लागत नाही. अग्निबाण निर्वात अवकाशातही जळतो तो याच तत्त्वावर. आणि कोळसा म्हणजे लाकूड, अर्थात संस्कृत दारु! दारूत दारु आहेच; व्युत्पत्ती म्हणून नव्हे, पण गंमत म्हणून.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरचा दारूखाना घरांजवळ नसावा, दारूला ओल लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे बजावले आहे. वैद्याने चूर्णाची घ्यावी तीच ही निगा.

मद्याचा अर्थ बहुधा सगळ्यात उशिरा चिकटला. फारसीत मद्याला 'शराब' होतीच. औषधाच्या आडोशाने पिणाऱ्यांनी ती दारू केली असावी.

राहता राहिला 'बार'. बार भरणे, बार उडवणे, फुसका बार, अगदी लग्नाचा बार. बारूदचे हे तोकडे रूप असेल, असे पटकन वाटते. पण फारसी 'बार' म्हणजे ओझे. बारगीर, बारबरदारी यांतला, आणि संस्कृत 'भार'शी सख्ख्या नात्याचा. बंदुकीत एका वेळी भरायचे ओझे तो बार. 'बार' आणि 'भरणे' यांची जोडी मराठीत इतकी घट्ट आहे की मी तरी भाराकडेच झुकतो. बारूद 'भरतात' तशी 'उडवतात' असे सहसा कुणी म्हणत नाही. बार मात्र भरतातही आणि उडवतातही.