सायप्रसचे गोडे पाणी

'प्रेषितांची कृत्ये' वाचणाऱ्यांना 'कुप्र' हे नाव अपरिचित नाही. शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवणारा बर्णबा याच बेटाचा. पौलासह तो अंत्युखियाहून निघाला, सलमीन येथे उतरला आणि बेट ओलांडून पफे नगरीस पोहोचला. आज त्या वाटेने निघालेल्यास मध्येच कागदपत्रे दाखवावी लागतात. सलमीनचे अवशेष उत्तर सायप्रसमध्ये आहेत, तर पफे दक्षिणेत. दोहोंमध्ये सुमारे १८० किलोमीटर लांबीची विभाजनरेषा आहे.

ही रेषा एका दिवसात आखली गेली नाही. १९६० साली सायप्रस ब्रिटिशांच्या अंमलातून स्वतंत्र झाले. बहुसंख्य ग्रीक आणि अल्पसंख्य तुर्क यांनी मिळून राज्य चालवावे, अशी घटना होती. ती तीन वर्षेही धड चालली नाही. डिसेंबर १९६३ मध्ये दंगली उसळल्या, तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसिया शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती 'हिरवी रेषा' पुढे साऱ्या बेटावर पसरली. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे नेतृत्व करीत असतानाच आपले जनरल थिमय्या १९६५ साली तेथे निधन पावले. जुलै १९७४ मध्ये ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या चिथावणीने बेटावर उठाव झाला. पाच दिवसांत तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि त्याने बेटाचा तृतीयांशाहून अधिक भाग ताब्यात घेतला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे पळाले, हजारो तुर्क उत्तरेकडे गेले. १९८३ साली उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले. त्याला मान्यता दिली ती एकट्या तुर्कस्तानने.

भावाभावांत वाटणी झाली की शेताला बांध घालता येतो, विहिरीला घालता येत नाही, हे आपल्याकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्याच लागतात. सायप्रसमध्ये बारमाही म्हणावी अशी मोठी नदी नाही. हिवाळ्यात पडेल तेवढा पाऊस आणि भूगर्भात साठेल तेवढे पाणी, एवढीच शिल्लक. वायव्येकडील मोर्फूच्या संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी इतका उपसा झाला की भूगर्भात समुद्राचे खारे पाणी शिरले. दक्षिणेने पाण्याचा थेंबही समुद्रात जाऊ द्यायचा नाही, असे ब्रीद घेऊन धरणे बांधली. तीही पुरेनात, तेव्हा १९९७ पासून खारे पाणी गोडे करणारे प्रकल्प उभारले. तरीही २००८ च्या अवर्षणात ग्रीसहून जहाजांनी पाणी आणावे लागले. उत्तरेला एवढाही आधार नव्हता. मान्यताच नसल्याने जगाच्या बाजारात तिची पत नव्हती. १९९८ मध्ये तुर्कस्तानातून मोठमोठ्या पिशव्यांत पाणी भरून समुद्रातून ओढून आणण्याचा प्रयोग झाला. पिशव्या फाटत, आणि पुरवठा ठरल्याप्रमाणे कधीच झाला नाही.

या पार्श्वभूमीवर तुर्कस्तानने जलवाहिनीचे काम हाती घेतले. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर अनामूरजवळ अलाकोप्रू धरण बांधले गेले. तेथील पाणी समुद्राखालून उत्तर सायप्रसच्या गेचितकॉय धरणात आणावयाचे होते. मधला समुद्र तळाशी वाहिनी टाकण्याजोगा उथळ नाही. म्हणून दीड मीटरहून अधिक व्यासाचे नळ एकमेकांस जोडून, तळाशी नांगरून, पृष्ठभागाखाली सुमारे २५० मीटरवर तरंगते ठेवले. समुद्रातील अंतर सुमारे ८० किलोमीटर आणि वर्षाला ७५ दशलक्ष घनमीटर पाण्याची योजना. त्यातले निम्मे पिण्यासाठी, निम्मे शेतीसाठी. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पाण्याला नाव मिळाले 'शांतीचे पाणी'.

तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्यकर्म आहे, यात आम्हास शंका नाही. उत्तरेतील गृहिणीच्या नळाला खारट पाणी येत होते; तिच्यापुढे राष्ट्रसंघाचे ठराव वाचून काय उपयोग? तरीही या पाण्याने शांती आणली असे इतिहास म्हणत नाही. दक्षिणेतील सरकारच्या मते ही वाहिनी बेकायदेशीर होती, कारण ज्या भूमीवर ती येऊन पोहोचली ती भूमी त्याच्या लेखी बळाने व्यापलेली आहे. हे पाणी दक्षिणेलाही देता येईल, असे तुर्कस्तानने सुचविले. परंतु ते घेणे म्हणजे व्याप्त भागातील सत्ता मान्य करणे, आणि उद्या भांडण झाले तर तोटी दुसऱ्याच्या हाती, ही भीती दक्षिणेस होती.

आश्चर्य असे की उत्तरेतही वाद पेटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुस्तफा अकिंजी तेथील अध्यक्ष निवडून आले होते. तुर्कस्तानशी आमचे नाते मायलेकराचे न राहता भावंडांचे असावे, असे ते म्हणाले आणि एर्दोआन रुष्ट झाले. पाणी आले ते या रुसव्याच्या पाठोपाठ. ते वाटायचे कोणी? नगरपालिकांना हा कारभार आपल्या हाती हवा होता. तुर्कस्तानचा आग्रह खाजगी कंपनीसाठी होता. पाणी धरणात येऊन पडले, पण नळांपर्यंत पोहोचावयास काही महिने वाट पाहावी लागली. मार्च २०१६ मध्ये करार झाला, तो बव्हंशी तुर्कस्तानच्या मनाप्रमाणे. एप्रिलमध्ये संयुक्त सरकार कोसळले. पाण्याचा तंटा हे त्यामागील एक कारण होते.

जानेवारी २०२० मध्ये समुद्रात वाहिनी तुटली आणि एकाच नळावर विसंबून राहण्याचा धोका सर्वांस दिसला. दुरुस्तीनंतर ६ ऑक्टोबरला पाणी पुन्हा सुरू झाल्याचा समारंभ अंकारात झाला. एर्दोआन यांच्या शेजारी होते एर्सिन तातार, अकिंजींचे प्रतिस्पर्धी. आणि मतदानाला उरले होते पाच दिवस. त्या निवडणुकीत अकिंजी पराभूत झाले. पाण्यामुळेच झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तोटी कोणाच्या हाती आहे, हे मतदारांना त्या दिवशी नक्कीच दिसले.

याच अकिंजींच्या तरुणपणीची एक हकिगत आम्हास अधिक मोलाची वाटते. १९७४ नंतर निकोसिया दुभंगले तेव्हा शहराची नवी मलवाहिनी अर्धवट राहिली होती. घरे बरीचशी दक्षिणेत. प्रक्रिया केंद्राची जागा उत्तरेत. सांडपाण्याला ना ग्रीक कळे, ना तुर्की. ते उताराने वाहणार. ग्रीक भागाचे नगराध्यक्ष लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्क भागाचे अकिंजी एकमेकांस भेटले. एकमेकांच्या सरकारला मान्यता न देता, केवळ आपापल्या नगरवासीयांचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी करार केला. १९८० साली केंद्र सुरू झाले. सीमा बंद होत्या, माणसांना पलीकडे जाता येत नव्हते, तेव्हाही दोन्ही भागांचा मैला रोज एकाच ठिकाणी जात होता. पुढे युरोपीय संघाच्या साहाय्याने तेथे मोठे केंद्र उभे राहिले. त्याचे उद्घाटन गाजावाजा करून कोणी 'शांतीचे सांडपाणी' असे केले नाही.

गोड्या पाण्याने जे साधले नाही, ते घाणीने कसे साधले? आमच्या अल्पमतीनुसार उत्तर असे: पहिल्या बाबतीत एक देणारा होता व दुसरा घेणारा, दुसऱ्या बाबतीत दोघेही सारखेच अडलेले होते. अडलेल्यांनी समोरासमोर बसून पाळ्या ठरविल्या. देणगीत उपकार असतो, आणि उपकाराची दोरी देणाऱ्याने हाती ठेवली तर घेणाऱ्याची मान वाकते, मग पाणी कितीही गोडे असो.

बर्णबाचे तसे नव्हते. शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले आणि तो बाजूला झाला. त्यांचा विनियोग कसा करावा, हे त्याने सांगितल्याचे शास्त्रलेखात आढळत नाही. त्याची समाधी म्हणून दाखविले जाणारे स्थान सलमीनजवळ, रेषेच्या उत्तरेस आहे. अनामूरहून येणारे पाणी तिकडच्याच गावांना जाते. ते जावोच. मात्र तोटीवर एक हात उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा असेल, त्या दिवशी त्याला शांतीचे पाणी म्हणावयास आमची हरकत राहणार नाही.