नाव ठाऊक असणं आणि ओळख असणं : पॅरासेल्सस ते एलिफास लेवी

या मालेत आपण जादूविद्येकडे विचारांचा इतिहास म्हणून बघतो आहोत. आजचा प्रश्न तसा छोटा आहे. पाण्यात, डोंगरात, वाऱ्यात, अग्नीत राहणारी अदृश्य मंडळी आहेत असं मानणारा माणूस त्यांना हाक कशी मारतो? आणि नाव अचूक उच्चारलं की ती येतात, ही समजूत आली कुठून?

आधी तत्त्वज्ञानातला वाद बघू, कारण तो फार जुना आहे. इसवी सन ३००च्या आसपास पॉर्फिरीने एक सरळ शंका काढली. दैवी शक्तीला अर्थ कळत असेल, तर तिला परकी, अगम्य नावंच का लागतात? यावर इयांब्लिखसचं उत्तर असं, की ती नावं माणसांनी आपसात ठरवलेली नाहीत. ती त्या शक्तीच्या स्वरूपाशीच जोडलेली आहेत, म्हणून त्यांचं भाषांतर केलं की त्यांचा प्रभाव जातो.

आपल्याकडचा वाद आठवतोय ना? मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध मुळातला आहे. यज्ञात ज्या शब्दाने देवता सांगितली, त्याच शब्दाने आहुती द्यायची. ‘अग्नि’च्या जागी ‘पावक’ म्हटलेलं चालत नाही, दोन्हींचा अर्थ एकच असला तरी. नैयायिक म्हणतात, छे! तो संबंध संकेताचा. त्यांचा युक्तिवाद मोठा मजेदार आहे. संबंध जर निसर्गतःच असता, तर ‘अन्न’ म्हणताच तोंड भरलं असतं, ‘अग्नी’ म्हणताच भाजलं असतं आणि ‘तलवार’ म्हणताच कापलं असतं. हे दोन पक्ष मनात ठेवा. पुढच्या साऱ्या गोष्टीत तेच आहेत.

आता युरोपात जाऊ. पॅरासेल्सस हा वैद्य. जन्म १४९३च्या सुमारास, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये. मृत्यू १५४१, साल्झबुर्ग. वडीलही वैद्यच. खाणींच्या प्रदेशात तो वाढला, आणि खाणकामगारांच्या आजारांवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. डोंगराच्या पोटात कोण राहतं, हा प्रश्न अशा माणसाच्या रोजच्या जगण्यातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ साली, निम्फ, सिल्फ, पिग्मी आणि सॅलॅमँडर यांच्यावरचं त्याचं पुस्तक छापलं गेलं. पाणी, वारा, पृथ्वी, अग्नी अशा चार तत्त्वांत राहणारी ही चार प्रकारची मंडळी. त्यांना देह आहे, बुद्धी आहे. ती खातात, पितात, काम करतात, मुलंबाळं वाढवतात. फक्त त्यांना अमर आत्मा नाही.

नावांबद्दल तो काय म्हणतो ते नीट ऐका. तो म्हणतो, ही नावं काही चांगली नाहीत. ज्यांना ही मंडळी समजली नाहीत अशा लोकांनी ती ठेवली आहेत. पण त्यांवरून कुणाबद्दल बोलतोय ते कळतं, म्हणून आपण ती वापरू. मग तो पर्यायही देतो. पाण्यातल्यांना ‘उंडिना’ म्हणा. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट. डोंगरातल्यांना ‘ग्नोमी’ म्हणा. अग्नीतल्यांना सॅलॅमँडर म्हणण्यापेक्षा ‘वल्कनी’ बरं. म्हणजे या विषयाचा मूळपुरुष आपल्या नैयायिकांच्या बाजूचा निघाला! नाव ही खूण, सोयीची, बदलता येणारी.

मग त्याच्या मते संबंध जुळतो कशाने? दिलेल्या शब्दाला जागण्याने. जलकन्येने माणसाशी लग्न केलं तर तिला आत्मा मिळतो. पण नवऱ्याने तिला पाण्याजवळ दुखावलं, तर ती पाण्यात परत जाते. तरीही लग्न मोडत नाही. त्याने दुसरी केली, तर त्याला प्राण गमवावा लागतो. श्टाउफेनबर्गच्या सरदाराची कथा तो याच मुद्द्यासाठी सांगतो.

पुढे ही नावं फिरत राहिली. १६७० साली पॅरिसमध्ये आबे द व्हिलार यांचं ‘काउंट ऑफ गाबालिस’ निघालं. त्यात गूढविद्येची चांगलीच थट्टा आहे. त्याच्याच आधारे अलेक्झांडर पोपने ‘रेप ऑफ द लॉक’च्या १७१४च्या आवृत्तीत सिल्फ आणि नोम आणले. १७१२च्या पहिल्या आवृत्तीत ते नव्हतेच. खाणीतली गोष्ट अशी दिवाणखान्यात पोचली.

खरं वळण आलं एलिफास लेवीकडे. १८५४ ते १८५६ या काळात त्याचा उच्च जादूवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात चारही मंडळींना आवाहन करण्याचे विधी आहेत, आणि प्रत्येकाला एक दिशा आणि एक राजा आहे. उत्तरेला नोमांचा गोब, दक्षिणेला सॅलॅमँडरांचा जिन, पूर्वेला सिल्फांचा पाराल्डा, पश्चिमेला उंडिनांचा निक्सा. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या संस्थेनेही हे राजे आपल्या शिकवणीत घेतले.

यातला ‘जिन’ बघा. अरबीत हे जातीचं नाव आहे. कुराणात जिन्नांची उत्पत्ती अग्नीपासून सांगितली आहे. इथे त्या अख्ख्या जातीचा एक राजा झाला! जर्मन लोककथेत ‘निक्स’ म्हणजे कुठलाही जलवासी. त्यावरून ‘निक्सा’ कुठून आला असेल याचा अंदाज येतो. असं का व्हावं? माझ्या मते कारण विधीच्या साच्यात आहे. सॉलोमनच्या नावावर चालणाऱ्या जुन्या मंत्रपोथ्यांत भुतांना अक्षरशः समन्स बजावलं जातं, आणि समन्स बजावायचं तर नाव-पत्ता लागतोच. लेवीने पॅरासेल्ससची मंडळी त्या साच्यात बसवली. ज्यांच्याशी वचनाने वागायचं, ती आता हुकमाची ताबेदार झाली.

आपल्याकडच्या साती आसरांशी हे ताडून पाहा. ‘आसरा’ म्हणजे अप्सरा, जलवासीच. ग्रंथांत त्यांची सात नावं मिळतात, आणि त्यांत मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही आहेत : मासळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर. पाण्यात जे दिसतं तेच नाव! पण विहिरीवर शेंदूर लावलेल्या सात दगडांपुढे खण-नारळ ठेवणारी बाई ही यादी म्हणत बसत नाही. ‘आसरा’ एवढं तिला पुरतं. मात्र तिथलं पाणी विटाळायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

मुद्दा भुतं आहेत की नाहीत हा नाही. निसर्गाशी वागण्याच्या या दोन रीती आहेत. एकीत नाव म्हणजे लगाम, दुसरीत नाव म्हणजे ओळखीची सुरुवात. आज नदीचं नाव आपण सरकारी कागदावर अचूक लिहितो, तिच्या पाण्याचा हिशेबही घनफुटात मांडतो, आणि तिच्यातच गटार सोडतो. नाव शुद्ध आहे, उच्चार शुद्ध आहे. वचन मात्र कुणीच दिलेलं नाही. पॅरासेल्ससची जलकन्या नेमकी कशाने दुखावते, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होतं. आपल्या नद्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपण अजून विचारायलाही सुरुवात केलेली नाही.

इथे थांबतो.