उष्टावण आणि त्यानंतरचे महिने : एका संक्रमणाची परिभाषा

अर्भकाचे दुधाकडून अन्नाकडे होणारे संक्रमण हे एका दिवसाचे कार्य नसून सुमारे दीड वर्षाची प्रक्रिया आहे. तथापि भाषेत या प्रक्रियेची दोन टोकेच ठळकपणे उमटलेली दिसतात. पहिला घास तोंडी लागतो त्या प्रसंगास मराठीत ‘उष्टावण’ म्हणतात. आईचे दूध बंद होते त्यास ‘दूध तोडणे’ म्हणतात. या दोहोंमधील काळास काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटतो. परंतु पोषणाच्या दृष्टीने बालकाला सर्वाधिक धोका याच काळात असतो. म्हणून त्याच्या नावांचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

प्राचीन धर्मशास्त्रीय वाङ्मयाने प्रारंभाचा क्षण निश्चित केला. आश्वलायन व पारस्कर या दोन्ही गृह्यसूत्रांत अन्नप्राशनाचा काल सहावा महिना सांगितला आहे. मनुस्मृतीतही सहावा महिनाच येतो. मात्र तेथे कुलाचाराला मुभा आहे. मुलास सम महिन्यात व मुलीस विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या वा सातव्या महिन्यात, अन्न चाटविण्याची रूढी पुढे स्थिरावली. सूत्रांतील पदार्थांची निवड फलकामनेवर आधारलेली आहे. तेजासाठी तुपासह भात, अन्नसमृद्धीसाठी बोकडाचे मांस असे विकल्प आश्वलायन देतो. तेथे विचार संस्काराच्या फलाचा आहे. दुसऱ्या दिवशी बालकाने काय खावे, याविषयी सूत्रकार मौन बाळगतात. विधीचे क्षेत्र तेवढेच असल्याने त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

ती उणीव वैद्यकाने भरून काढली. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहेच. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते तिने केलेले बाल्याचे त्रिविध वर्गीकरण. केवळ दूध पिणारा तो ‘क्षीरप’, दूध व अन्न दोन्ही घेणारा तो ‘क्षीरान्नाद’ आणि अन्नावर राहणारा तो ‘अन्नाद’. पहिल्या अवस्थेची मर्यादा एक वर्षाची, दुसरीची दोन वर्षांची मानली आहे. सहाव्या महिन्यात अन्न सुरू होऊनही वर्षापर्यंत बालकास ‘क्षीरप’च म्हणावे, यात सकृद्दर्शनी विसंगती भासते. परंतु ही नावे प्रधान आहारावरून पडली असे मानल्यास विसंगती उरत नाही. पहिल्या वर्षी दूध प्रधान असते आणि अन्न त्याच्या सोबतीस असते. नेपाळातील हस्तलिखितावरून १९३८ साली प्रकाशित झालेल्या काश्यपसंहितेत क्रम आणखी सावध आहे. तेथे सहाव्या महिन्यात फळे आणि अन्न त्यानंतर, दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात, असे दोन टप्पे केलेले आहेत. सारांश, मधली अवस्था प्राचीन वैद्यांनी पाहिली होती व तिला नावही दिले होते.

हे नाव लोकभाषांत मात्र उतरले नाही. मराठी ‘उष्टावण’ या शब्दाचा संबंध ‘उष्टे’, म्हणजे संस्कृत ‘उच्छिष्ट’, याच्याशी आहे. बाळाचे तोंड प्रथम उष्टे होणे हा त्याचा आशय होय. बंगालीतील ‘मुखेभात’ म्हणजे मुखी भात आणि मल्याळममधील ‘चोरूण्’ म्हणजे भात खाणे. हे सर्व शब्द प्रथम घासाचे, समारंभाचे आहेत. येथे एक इशारा आवश्यक आहे. शब्द नाही म्हणून आचार नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही. मऊ भात, वरणाचे पाणी, नाचणीचे सत्त्व ही घरोघरची परंपरा समारंभानंतरच्या महिन्यांचीच आहे. शब्दाच्या अभावावरून एवढेच म्हणता येते की समाजाचे लक्ष जितके आरंभाकडे होते तितके सातत्याकडे नव्हते.

पाश्चात्त्य देशांत संस्काराचे बंधन नसल्यामुळे आरंभाचा काळच अस्थिर राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉक्टर पहिले वर्ष उलटेपर्यंत भाज्या देण्यास सहसा तयार नसत. १९२८ साली मिशिगन राज्यातील फ्रीमाँट येथे गर्बर यांच्या कारखान्यातून बालकांसाठी गाळलेल्या भाज्यांचे डबे बाजारात येऊ लागले आणि वयाची मर्यादा झपाट्याने खाली सरकली. १९५३ साली मायामी येथील डॉक्टर वॉल्टर सॅकेट यांनी जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धान्याची पेज आणि दहाव्या दिवशी भाज्या देण्याचा पुरस्कार केला. पुढे लाट ओसरली. १९७९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या बैठकीत चार ते सहा महिने ही मर्यादा मान्य झाली आणि २००१ साली जागतिक आरोग्य सभेने पूर्ण सहा महिने केवळ स्तनपानाचा पुरस्कार केला. गृह्यसूत्रांचा आकडा व हा आकडा एकच आहे. पण त्यांच्यामागील प्रमाणे भिन्न आहेत. आधुनिक निर्णयाला आधार आहे तो संसर्गाच्या धोक्याचा, बालकाच्या शरीरातील लोहाचा साठा या सुमारास संपत येण्याचा आणि दुधातील ऊर्जा यापुढे अपुरी पडण्याचा.

मधल्या काळाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे एका आफ्रिकी भाषेने नेमके टिपले. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे काम करणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या बालकांतील एका घातक रोगाचे वर्णन केले. १९३५ साली त्यांनी त्यासाठी तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकर’ हा शब्द योजला. धाकटे भावंड जन्मल्यामुळे स्तनावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय सांगितला जातो. रोगाच्या कारणांविषयी पुढे मतभेद झाले. परंतु दूध अकस्मात तुटते आणि त्याची जागा घेणारे अन्न निकस असते, हे निरीक्षण त्या मातांच्या भाषेत आधीच नोंदलेले होते.

इंग्रजी ‘वीन’ या क्रियापदाचा प्रवासही उद्बोधक आहे. त्याचा मूळ अर्थ सवय लावणे असा होता. कालांतराने दूध तोडणे हाच अर्थ प्रबळ झाला. या अर्थामुळे अन्न सुरू करणे म्हणजे दूध बंद करणे असा ग्रह होऊ शकतो. म्हणूनच विसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय परिभाषेत त्या शब्दाची जागा ‘पूरक आहार’ या अर्थाच्या संज्ञेने घेतली. या आहाराचे प्रमाणही ठरविले गेले आहे. दूध चालू ठेवून सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा आणि त्यानंतर तीन-चार वेळा अन्न द्यावे. आरंभी भोपळा, गाजर, बटाटा, डाळ-भात असे पदार्थ मऊ शिजवून कुस्करावेत. ते पातळ पाण्यासारखे न ठेवता चमच्यावर ठरतील इतके दाट असावेत. पुढे ते हळूहळू भरड करीत न्यावेत. घशात अडकेल असा कडक तुकडा वा अख्खा दाणा देऊ नये.

परंपरेच्या प्रत्येक अंगाला यातून समर्थन मिळते असे नाही. आश्वलायनाच्या विधीत दही, मध व तूप यांचे मिश्रण येते, आणि नवजाताला मध चाटविण्याची चाल तर प्रसिद्धच आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात अर्भकांतील बॉट्युलिझम हा रोग ओळखला गेला व मधातील जंतुबीजांशी त्याचा संबंध पुढे आला. तेव्हापासून एक वर्षाच्या आत मध वर्ज्य मानला जातो. विधीचा काल ग्राह्य ठरला तरी त्यातील द्रव्य त्याज्य ठरू शकते, हा विवेक अभ्यासकाने राखला पाहिजे.

मराठीपुरते पाहता ‘क्षीरान्नाद’ ही संज्ञा ग्रंथांतच राहिली असली तरी तिची उणीव भरून काढणारा एक साधा शब्द बोलीत आहे. बाळाला आईच्या दुधाखेरीज जे दिले जाते त्यास ‘वरचे’ म्हणतात : वरचे दूध, वरचे खाणे. ‘वरचे’ म्हणजे असलेल्यावर घातलेले. खालचे काढून टाकल्याची सूचना त्यात नाही. ‘पूरक आहार’ या नव्या संज्ञेचा गाभा या जुन्या विशेषणात आधीच आहे. मातांसाठी आरोग्यविषयक मजकूर लिहिणाऱ्यांनी संस्कृत पारिभाषिक शब्दाच्या जोडीला हा शब्द वापरला, तर उष्टावणाच्या दुसऱ्या दिवसापासून काय करावयाचे हे सांगणे पुष्कळ सुकर होईल.