पिनकोड आणि यंत्रांचे निरोप

आपण पत्रावर पिनकोड लिहितो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. दाभोशाजवळच्या जव्हारचा पिन ४०१६०३. पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, उरलेले टपाल कार्यालय. पत्र न उघडताच वाट ठरते!

अशीच युक्ती १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी रचलेल्या सिसलॉगमध्ये आहे. संगणकाच्या निरोपाआधी एक संख्या असते, समजा ३४. तिला ८ ने भागू : भागाकार ४, म्हणजे विषय सुरक्षेचा, बाकी २, म्हणजे स्थिती गंभीर.

पण वाट सापडणे पुरेसे नाही. ‘डिस्क भरली’ हा निरोप ‘डिस्क मोकळी झाली’ याच्या मागून पोचला, तर स्वयंचलित यंत्रणा नसलेला बिघाड दुरुस्त करू लागेल. म्हणून एका यंत्राचे निरोप एकाच सत्रात, क्रमाने हाताळतात.