नाना विद्या आणि एक नोकरी

अलिबागेहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात नागाव येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांपलीकडे समुद्र. अष्टागरातल्या या गावी सन १८२५ च्या सुमारास छत्र्यांच्या घरात एक मुलगा जन्मला. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्याला केरूनाना छत्रे या नावाने ओळखले. लोकमान्य टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे ते हेच केरूनाना.

गणिताच्या नि ज्योतिषाच्या इतिहासात त्यांचे चरित्र नेहमी सांगतात. मी ते आज जरा वेगळ्या अंगाने सांगणार आहे. या माणसाला नोकरी कशी मिळाली, एवढाच माझा प्रश्न. कारण तो प्रश्न आज तुमच्याही दारात उभा आहे. बी.एस्सी. झालेला, मग आय.टी.आय.मध्ये वायरमनचे काम शिकलेला, मधे दोन वर्षे शिकवण्या घेतलेला आणि वर कॉम्प्युटरचा एखादा कोर्स केलेला मुलगा तुमच्या गावात असेलच. तो अर्ज घेऊन जातो. शाळा विचारते, बी.एड. कुठे आहे? कारखाना विचारतो, डिप्लोमा कुठे आहे? आणि घरी आला की वडील म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ ही म्हण मुलाच्या जिव्हारी लागते. ती खरी किती, हे आपण इतिहासाला विचारून पाहू.

प्रथम काळ पाहा. अलिबागेस आंग्र्यांचे राज्य होते. १८३८ मध्ये दुसरे रघूजी आंग्रे वारले आणि १८४० साली इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले. दरबार गेला की दरबाराच्या आधाराने चालणारी कारकुनी, भिक्षुकी, शास्त्रीपण यांचाही आधार सुटतो. हाताशी जुनी विद्या आहे, पण तिला गिऱ्हाईक नाही, अशी ती वेळ. नवी विद्या होती खाडीपलीकडे मुंबईत. केरूनानांचे चुलते सदाशिव काशीनाथ छत्रे तिथे शिक्षण मंडळीच्या कामात होते. ‘बाळमित्र’ हे मुलांचे पुस्तक मराठीत आणणारे ते हेच. त्यांच्यामुळे नागावचा हा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागला.

तिथे ऑर्लिबार नावाचे प्राध्यापक गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. त्याच सुमारास मुंबईच्या कुलाब्याला कंपनी सरकारच्या वेधशाळेत नवे काम निघाले. ही वेधशाळा १८२६ ची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायचे ठरले, आणि ते काम या ऑर्लिबारसाहेबांकडेच आले. शिकवणारा मास्तर आणि माणूस नेमणारा अधिकारी एकच झाला. केरूनाना तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. ते त्या वेधशाळेत कामाला लागले.

आता या कामाला काय काय लागत होते, ते ऐका. धाग्याला टांगलेले लोहचुंबक असते. ते केसभर इकडे-तिकडे हलते. ते किती हलले हे दुर्बिणीतून पाहायचे, घड्याळाच्या ठोक्याला लिहायचे. जोडीला वायुभारमापक, तापमापक यांचे आकडे. दिवसा तसेच रात्री. मग त्या आकड्यांतली यंत्राची चूक गणिताने काढून टाकायची आणि सारे इंग्रजी तक्त्यात भरायचे. म्हणजे गणित हवे, इंग्रजी हवे, यंत्राला लावायला हलका हात हवा आणि झोप आवरण्याची ताकद हवी. या चार गोष्टी एकत्र शिकवणारी शाळा त्या वेळी कुठेच नव्हती. या हुद्द्याची पदवीही नव्हती. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली! केरूनानांपाशी विद्यापीठाची पदवी कधीच नव्हती.

वेधशाळेत त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. मग पुण्यास गेले. तिथे आधी शिक्षक तयार करण्याच्या वर्गात, मग एंजिनिअरिंगच्या शाळेत, शेवटी डेक्कन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पदवी नसलेला माणूस पदवीच्या वर्गांना शिकवू लागला. १८७७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले, १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८८४ मध्ये वारले. या बदल्यांकडे नुसते पाहिले तर वाटेल, हा माणूस धरसोड करीत होता. पण नीट पाहा. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचे काम उपयोगी पडले आहे. वेधशाळेत आकाश पाहिले, म्हणून पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत हे त्यांना कळले. शिक्षकांना शिकवले, म्हणून मराठीत शास्त्र सांगायची भाषा जमली. या दोहोंतून १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ निघाला आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताने नवे पंचांग सुरू झाले, तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. नुसत्या शास्त्रीबुवांना हे जमले नसते, नुसत्या इंग्रजी पदवीधरालाही नाही. भाराभर चिंध्यांचीच गोधडी होते, मंडळी. फक्त सुई-दोरा हवा.

आता दुसरा माणूस. तो नागावचा नव्हे, पण त्याचे काम तुमच्या किनाऱ्यावर आजही उभे आहे. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे पारशी गृहस्थ. पुण्याच्या एंजिनिअरिंग कॉलेजातून त्यांनी एल.सी.ई. ही स्थापत्याची परीक्षा दिली. मग एडिंबरोला जाऊन बी.एस्सी. केले. परत येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले. म्हणजे अर्धे एंजिनिअर, अर्धे मास्तर, अर्धे शास्त्रज्ञ, असा दीड माणसाचा हिशेब! १८९६ साली ते कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक झाले.

थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. विजेचा प्रवाह जवळून वाहू लागला की चुंबकाची नाजूक सुई बिघडते. अर्धशतकाहून अधिक काळच्या नोंदी तिथेच खुंटणार होत्या. वेधशाळा हलवायला हवी होती, आणि तीही अशी की जुन्या नि नव्या नोंदींचा सांधा तुटता कामा नये. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्राकाठी, अलिबागची जागा ठरली. इमारतीला पोरबंदरी दगड वापरला. लोखंड अजिबात नाही. जिथे धातू लागला तिथे तांबे-पितळ. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोहोंतला फरक काढला आणि मगच जुने ठिकाण सोडले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

विचार करा, या कामाला कोण लायक? नुसत्या एंजिनिअरने इमारत बांधली असती, पण सुई कशाने बिघडते हे त्याला सांगावे लागले असते. नुसत्या शास्त्रज्ञाला सुई कळली असती, पण दगड कोणता आणावा, भिंत किती जाड ठेवावी हे विचारावे लागले असते. मूस यांच्या दोन विद्या अलिबागेत एकत्र आल्या. ती वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचे मुख्य ठाणे आपल्याच जिल्ह्यात नवी पनवेलला आहे.

तिसरे उदाहरण थोडक्यात देतो. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुख जन्मले. मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला जाऊन शिकले मात्र वनस्पतिशास्त्र! त्यांच्या या विद्या एकाच ठिकाणी विचारणारा दरवाजा एकच होता, तो म्हणजे आय.सी.एस.ची स्पर्धापरीक्षा. १९१८ मध्ये तिथेही ते पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री.

या तिघांना दरवाजे उघडले ते तीन तऱ्हांनी. केरूनानांना ओळखणारा शिक्षक आणि नवे निघालेले काम एकाच वेळी भेटले. मूस यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली आणि ती सोडवायला दोन विद्या लागत होत्या. देशमुखांना खुली परीक्षा मिळाली. ‘सर्व विषयांत थोडेथोडे येणारा माणूस पाहिजे’ अशी जाहिरात तिघांपैकी कोणालाही आली नाही, आणि ती तुमच्या मुलालाही यायची नाही.

एक गोष्ट लपवता कामा नये. केरूनानांचे चुलते मुंबईत होते. नागावच्याच शेजारच्या कोळ्याच्या किंवा आगऱ्याच्या मुलाला असा चुलता कुठला? आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. केरूनाना गेल्यावर अर्धे शतक लोटले, तरी अलिबागजवळ चरी गावचे शेतकरी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून जमिनी पडीक ठेवून होते. त्या घरांतल्या मुलांपुढे पोटाचा प्रश्न आधी होता, दुर्बिणीचा नंतर. तेव्हा ‘हुशारी असली की नोकरी मिळतेच’ असे मी म्हणणार नाही. हुशारीला दरवाजा दाखवणारा कुणीतरी लागतो. पूर्वी तो चुलता असे. आज तो गावातला शिक्षक असू शकतो.

म्हणून ज्याच्यापाशी चार विद्या आहेत त्याला माझे सांगणे असे. सगळ्या विद्या एका अर्जात सारख्या मापाने मांडू नकोस. ज्या कामाला अर्ज करायचा, त्या कामाला रोज सकाळी उठून काय करावे लागते ते आधी जाऊन विचार. खत कारखान्यात, बंदरावर, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, मासळीच्या शीतगृहात अशी कामे असतात की तिथे यंत्र कळावे लागते आणि आकडेही लिहावे लागतात. तुझ्या दोन विद्या जिथे भेटतात ते काम हेर, आणि अर्जात त्या दोनच वर लिही. बाकीच्या खाली एका ओळीत. आणि केलेल्या कामाची वही ठेव. कुठली मोटार दुरुस्त केलीस, काय बिघडले होते, काय केलेस, तारीख घालून. वेधशाळेतल्या माणसाची किंमत त्याच्या नोंदवहीवरून ठरे. तुझ्या मधल्या ‘रिकाम्या’ दोन वर्षांचा जबाबही ही वहीच देईल.

शिक्षक मंडळी, तुम्हांलाही एक विनंती. विद्यार्थी शिफारसपत्र मागायला येतो तेव्हा आपण ‘वर्तणूक चांगली, अभ्यासू व होतकरू’ एवढे लिहून मोकळे होतो. साऱ्या तालुक्याची शिफारसपत्रे अशी सारखीच असतात. त्याऐवजी त्याने तुमच्या डोळ्यांदेखत काय केले ते लिहा. शाळेचा पंप त्याने दुरुस्त केला असेल, पावसाचे माप त्याने वर्षभर न चुकता लिहिले असेल, सातवीच्या मुलांचे अपूर्णांक त्याने शिकवून पक्के केले असतील. तीन वाक्ये पुरे. पण ती अशी असू द्या की वाचणाऱ्याला त्या मुलाला एकदा बोलावून पाहावेसे वाटेल.