डोळ्यांची पाणसळ

श्रोतेहो, भाताची खाचरं नांगरताना बांधावर उभं राहून तुम्ही बैलजोडी पुष्कळदा पाहिली असेल. एक बैल दुसऱ्याहून चार बोटं उंच असला, तरी लांबून काही कळत नाही. नांगर चालतो, तास सरळ पडतो. पण संध्याकाळी जू उतरवावं, तर एकाचा खांदा सुजलेला. काम नीट झालं म्हणून जोडी बरोबर होती असं नव्हे. ते नीट व्हावं म्हणून दिवसभर कुणीतरी सोसलेलं असतं.

आपल्या दोन डोळ्यांची जोडीही अशीच आहे. प्रत्येक डोळा वळवायला सहा स्नायू आहेत. दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखले गेले, तरच मेंदू दोन चित्रांचं एक चित्र करतो. काही माणसांत एका डोळ्याची नजर दुसऱ्यापेक्षा किंचित वर जाऊ पाहते. मेंदू तसं होऊ देत नाही. तो ती सतत खाली ओढून धरतो. म्हणून आरशात डोळे सरळच दिसतात. उघड तिरळेपणा चारचौघांना दिसतो, हा मात्र लपून राहतो. आडव्या दिशेत डोळ्यांना बरीच सवड असते, कारण जवळचं पाहताना ते रोजच आत वळतात. उभ्या दिशेत ती फार थोडी. त्यामुळं तिथला लहानसा फरकही कधी कधी जाचतो: वाचताना ओळ सुटते, अक्षरांना सावली येते, कपाळ दुखतं.

हे दुखणं माणसाला कळायला फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डोळे थकतात अशी तक्रार घेऊन शिंपी किंवा कारकून आला, तर डॉक्टर त्याला बैठा धंदाच सोडून द्यायला सांगत. 1864 साली हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या डॉक्टर डोंडर्स यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा पुष्कळ रोग्यांची नजर दुर्बळ नसून त्यांना फक्त योग्य भिंगाचा चष्मा हवा आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. किती जणांची भाकरी त्यामुळं वाचली असेल! त्याच काळात बर्लिनचे डॉक्टर ग्रेफे यांनी लोलक वापरून दोन डोळ्यांची चित्रं मुद्दाम वेगळी केली आणि स्नायूंचं बळ तपासलं. पण त्यांचं लक्ष मुख्यतः आडव्या बिघाडाकडं होतं.

उभ्या बिघाडाला स्वतंत्र नाव दिलं ते न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॉर्ज स्टीव्हन्स यांनी, 1886 च्या सुमारास. ते नाव, हायपरफोरिया, आजही चालतं. पण मंडळी, नवी किल्ली हाती आली की माणूस ती प्रत्येक कुलपाला लावून पाहतो. स्टीव्हन्स म्हणू लागले, की फेफऱ्यासारखे मज्जाविकारसुद्धा डोळ्यांच्या या ओढाताणीतूनच उपजतात. त्यासाठी ते डोळ्यांच्या स्नायूंवर शस्त्रक्रियाही करीत. शेवटी तिथल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं समिती नेमून हा दावा तपासला, आणि तो टिकला नाही. बिघाड खरा होता; त्याच्या माथी मारलेले सगळे रोग मात्र त्याचे नव्हते.

मग हवं होतं खात्रीचं माप. भिंत डोळ्यांना सरळ दिसली तरी गवंडी पाणसळ लावतोच ना? डोळ्यांची ही पाणसळ 1890 मध्ये डॉक्टर अर्नेस्ट मॅडॉक्स यांनी दिली. साधन अगदी साधं: काचेची एक गोल कांडी. ती एका डोळ्यासमोर उभी धरून दिव्याकडं पाहिलं, की त्या डोळ्याला दिव्याऐवजी आडवी रेघ दिसते. दुसरा डोळा दिवाच पाहतो. रेघ आणि ठिपका यांचं एक चित्र मेंदूला करता येत नाही, म्हणून तो ओढून धरणं सोडून देतो. रेघ दिव्यातून गेली तर ठीक. वर किंवा खाली गेली, तर लपलेला फरक उघडा पडला.

तो फरक मोजायचा कसा, ते त्याच सुमारास न्यूयॉर्कचे चष्मेतज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस यांनी सांगितलं. एक मीटर अंतरावर चित्र एक सेंटिमीटर सरकवणारा लोलक, म्हणजे एक प्रिझम डायॉप्टर. उभ्या दिशेत बहुतेकांचे डोळे असा दोन-तीन मापांचाच फरक जुळवू शकतात. प्रेंटिस यांचा हिशेब चष्मा लावणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावा. पाच नंबरचं भिंग एकाच बाजूला चार मिलिमीटर खाली घसरलं, तर दोन मापांचा फरक चष्म्यानंच तयार होतो! मोठ्या नंबरच्या चष्म्याची दांडी वाकली, तर दोऱ्यानं बांधून दिवस काढू नका, ती सरळ करून घ्या.

आणखी एक धागा मानेकडून मिळाला. डोळ्याचा एक स्नायू, विहिरीच्या कप्पीवरून दोर जावा तसा, एका कड्यातून वळून जातो. तो जन्मापासून किंवा डोक्याला मार बसून दुबळा झाला, तर माणूस नकळत मान एका खांद्याकडं कलती ठेवतो. तसं केल्यानं दोन चित्रं जुळतात. 1900 साली जर्मनीत हॉफमन आणि बीलशोव्स्की यांनी यावरून मान कलवून पाहण्याची तपासणी बसवली. 1958 मध्ये अमेरिकेच्या डॉक्टर पार्क्स यांनी तिला तीन पायऱ्यांच्या पद्धतीत आणलं. आजही डॉक्टर ती वापरतात, आणि रोग्याचे लहानपणचे फोटो मागून मान तेव्हाही कलती होती का, ते पाहतात.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. शाळेत येऊन मुलांची तपासणी व्हावी, ही फार मोठी सोय आहे. पण अक्षरांचा तक्ता आपण एकेक डोळा झाकून वाचतो. प्रत्येक बैल एकटा उत्तम चालतो. खोट दिसते ती जोडीत. तक्ता अचूक वाचणारं मूल दोन्ही डोळ्यांनी धडा वाचताना अडखळू शकतं.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, ही पारख तुमच्याकडं येते. बोईसरच्या कारखानदारी वस्तीतली शाळा असो की तारापूरच्या खाडीकाठची, पाहायच्या खुणा त्याच. मूल वाचताना एक डोळा झाकतं का? मान नेहमी एकाच बाजूला कलती असते का? ओळ वारंवार सुटते का? अशा मुलाला आळशी म्हणण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडं पाठवा, आणि दोन्ही डोळ्यांची जोडी तपासा असं सांगा. चिंचणी-तारापूरकडं दागिन्यांच्या डाय कोरणाऱ्या कारागिरांनीही कपाळदुखी अंगावर काढू नये.

उलट, प्रत्येक डोकेदुखीचं खापर डोळ्यांवर फोडू नका. स्टीव्हन्स यांची चूक आपण पुन्हा कशाला करायची? थोडा फरक पुष्कळांत असतो आणि तो त्रास देत नाही. त्याला हात लावू नये. त्रास असेल तर आधी नंबर बरोबर आहे का पाहतात, मग चष्म्यात लोलक बसवतात. फरक मोठा असेल तरच शस्त्रक्रिया. मात्र अचानक एकाची दोन दिसू लागली, विशेषतः मार लागल्यावर किंवा जोराच्या डोकेदुखीबरोबर, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

संध्याकाळी जू उतरवताना शहाणा शेतकरी दोन्ही बैलांच्या खांद्यावरून हात फिरवतो. वर्गातल्या मुलांकडं एकदा त्याच नजरेनं पाहा, एवढंच आज सांगायचं होतं.